जिवतीचा कागद : बालपणाची सचित्र पोथी

आषाढाची अमावास्या जवळ आली की घराघरांतून दिव्यांची आठवण होते. माळ्यावरच्या समया, निरांजने, लामणदिवे खाली उतरतात. चिंच आणि राख लावून त्यांना लख्ख घासले जाते. पाटावर रांगोळी रेखून त्यांची पूजा होते आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखविला जातो. याच सुमारास मंडईच्या तोंडाशी, आघाड्याच्या आणि दूर्वांच्या जुड्यांशेजारी, एक पातळसा रंगीत कागद विकावयास येतो. त्याची किंमत थोडी, छपाई साधी. नृसिंहाचा तांबडा रंग कित्येकदा रेषेबाहेर ओघळलेला असतो आणि नागाचा हिरवा यमुनेच्या निळ्यात मिसळलेला असतो. तरीही घरची गृहिणी तो कागद दोन्ही हातांनी घेते, घडी पडू न देता घरी आणते आणि देवघराजवळच्या भिंतीवर लावते. हाच जिवतीचा कागद.

श्रावणातील सणवार, व्रतवैकल्ये यांविषयी दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. मंगळागौरीचे खेळ, सोमवारची शिवामूठ, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी यांचे वर्णन वाचकांनी अनेकवार वाचले असेल. आज आम्ही या एका कागदाविषयी लिहीत आहोत. कारण आमच्या मते महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी आयुष्यात वाचलेले पहिले पुस्तक हेच होते. अक्षरओळख होण्यापूर्वी त्यांनी ते वाचले, आईच्या किंवा आजीच्या मांडीवर बसून वाचले, आणि त्याची पाने पुढे जन्मभर त्यांच्या मनात उघडी राहिली.

चार चौकटी, एक कथा

कागदावर बहुधा चार चित्रे असतात. एकात खांबातून प्रकटलेला नृसिंह हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन बसला आहे आणि बाजूस लहानगा प्रल्हाद हात जोडून उभा आहे. दुसऱ्यात कालियाच्या फणांवर बाळकृष्ण नाचतो आहे आणि नागपत्न्या त्याची विनवणी करीत आहेत. तिसरे चित्र जरा-जिवंतिकेचे. या दोघी लेकुरवाळ्या. त्यांच्या मांडीवर मूल आहे, अंगाखांद्यावर मुले आहेत, जवळ पाळणा आहे. चौथ्यात बुध आणि बृहस्पती : एक हत्तीवर बसलेला, दुसरा वाघावर.

मोठ्या माणसाला ही चार निरनिराळी दैवते वाटतात, आणि प्रत्येकाचा वारही ठरलेला असतो. शनिवारी नृसिंहाची पूजा, नागपंचमीला कालियामर्दनाची, शुक्रवारी जिवतीची, बुधवारी व गुरुवारी बुध-बृहस्पतींची. मुलाची दृष्टी मात्र वेगळी असते. ते चारही चित्रांत आपल्याएवढे मूल शोधते आणि त्याला ते सापडतेही. पहिल्या चित्रात प्रल्हाद आहे, दुसऱ्यात यमुनेकाठी सवंगड्यांसह खेळणारा कृष्ण, तिसऱ्यात तर मुलेच मुले. चौथ्या चित्रात मूल दिसत नाही. पण हत्तीवर आणि वाघावर बसण्याची इच्छा कोणत्या मुलाला होत नाही? शिवाय बुध म्हणजे बुद्धी आणि बृहस्पती म्हणजे देवांचा गुरू. मांडीवरून उतरलेल्या मुलाला पुढे ज्यांच्या हाती सोपवावयाचे ते हे दोघे.

अशा रीतीने पाहिले म्हणजे या चार चौकटींतून एकच कथा उलगडू लागते. पहिल्या चौकटीत भय आहे आणि भयापासून सुटका आहे. दुसरीत खेळ आहे आणि खेळातले साहस आहे. तिसरीत आईची मांडी आहे. चौथीत शहाणपणाची वाट आहे. बालपण म्हणून जे काही म्हणतात ते याहून निराळे काय असते? एखाद्या लेखकाने चार प्रकरणांची लहानशी चित्रमय कादंबरी लिहावयाची ठरविली असती, तर त्याला यापेक्षा नेटकी मांडणी सुचली नसती.

उंबरठ्यावरचे कोडे

या कथेचे पहिले पान भीतीचे आहे हे विशेष. आजकाल मुलांना भीतिदायक असे काही दाखवू नये, असे म्हटले जाते. जिवतीचा कागद तसे मानीत नाही. नृसिंहाचा जबडा, त्याची नखे, दैत्याचे विदीर्ण पोट हे सारे तेथे उघड आहे. मूल प्रथम दचकते, आईच्या पदराआड जाते आणि तेथून एक डोळा बाहेर काढून पुन्हा पाहते. मग प्रश्न सुरू होतात.

हा उंबऱ्यावर का बसला? कारण दैत्याला घरात मरण नव्हते आणि घराबाहेरही नव्हते. संध्याकाळ का दाखविली? कारण त्याला दिवसा मरण नव्हते आणि रात्रीही नव्हते. याला माणसाचे अंग आणि सिंहाचे तोंड का? कारण त्याला माणसापासून भय नव्हते आणि पशूपासूनही नव्हते. शस्त्र का नाही? शस्त्रानेही तो मरणार नव्हता, म्हणून नखे. भागवताच्या सातव्या स्कंधातील ही कथा मुलाला एखाद्या कोड्यासारखी उलगडत जाते. एकेक उत्तर मिळते तसतसे भय ओसरते आणि त्याच्या जागी नवल येते. शेवटी मुलाचे लक्ष हात जोडलेल्या प्रल्हादाकडे जाते. सारे जग ज्याला भ्याले त्याच्यापुढे हे एवढेसे पोर उभे आहे आणि भ्यालेले नाही. भय वाटणे आणि भयापुढे न डगमगणे या दोन गोष्टी एकाच चित्रात शिकवणारा असा गुरू क्वचितच मिळतो.

दुसऱ्या चौकटीतला कृष्णही असाच. चेंडू डोहात गेला म्हणून त्याने कदंबावरून उडी टाकली, असे आपल्या आज्या सांगत आल्या. भागवताच्या दशमस्कंधात चेंडू नाही. तेथे विषारी पाणी पिऊन गाई आणि गोपाळ मूर्च्छित पडले, म्हणून कृष्ण डोहात शिरला. परंतु आजीने चेंडू घातला तो उगीच नव्हे. मुलाला विषारी पाणी कळत नाही, हरवलेला चेंडू कळतो. कळलेल्या गोष्टीचे बोट धरूनच ते न कळलेल्या गोष्टीपर्यंत जाते. नागपत्न्यांचे जोडलेले हात पाहून कित्येक मुले आईला विचारतात, ‘मग नागाला मारले का?’ आणि आई सांगते, ‘नाही रे, सोडून दिले. समुद्रात जा म्हणून सांगितले.’ भीतीचा शेवट नेहमी मारण्यातच होतो असे नाही, हेही मुलाला येथेच प्रथम समजते.

राक्षसी देवी कशी झाली?

कागदाचे हृदय म्हणजे तिसरी चौकट. हिच्यातील जरा ही कोण, हे फार थोड्या घरांतून सांगितले जाते. महाभारताच्या सभापर्वात तिची कथा आली आहे. मगध देशाचा राजा बृहद्रथ याला पुत्र नव्हता. चंडकौशिक नामक ऋषीने त्याला एक आम्रफळ दिले. राजाच्या दोन राण्या होत्या. दोघींवर त्याची सारखीच प्रीती. त्यांनी ते फळ अर्धे-अर्धे खाल्ले. दोघीही गर्भवती झाल्या. परंतु दिवस भरताच प्रत्येकीच्या पोटी मुलाचे अर्धेच शरीर आले. घाबरलेल्या दायांनी ते दोन निर्जीव तुकडे गुंडाळून चव्हाट्यावर टाकले. तेथे जरा नावाची राक्षसी आली. नेण्यास सोयीचे व्हावे म्हणून तिने ते तुकडे एकत्र धरले, तोच ते जुळले आणि मूल मूठ तोंडाशी नेऊन रडू लागले. राक्षसीला ते उचलवेना, खाववेना. तिने मानवी रूप घेतले आणि मूल राजाच्या हाती दिले. जरेने सांधलेला म्हणून त्याचे नाव जरासंध.

या प्रसंगी जरेने राजाला जे सांगितले ते आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ती म्हणाली की मी गृहदेवी आहे. जो कोणी तारुण्ययुक्त आणि मुलांनी वेढलेले असे माझे चित्र भक्तीने घराच्या भिंतीवर काढील, त्याच्या घरी भरभराट होईल. ‘तुझ्या राजवाड्याच्या भिंतीवर माझे असे चित्र आहे, म्हणूनच मी हे उपकाराची फेड म्हणून केले’, असाही तिच्या बोलण्याचा आशय आहे. राजाने मग तिच्या नावाने मगधात मोठा उत्सव करविला. श्रावणात आपण भिंतीवर जो कागद लावतो, त्याच्या मुळाशी अशी प्राचीन समजूत आहे. भिंतीवर मुलांसह रेखलेली देवी घरातल्या मुलांना सांभाळते, ही श्रद्धा महाभारताइतकी जुनी म्हटली पाहिजे. छापखाने येण्यापूर्वी घरोघरी ही चित्रे भिंतीवर हातानेच रेखली जात. पुढे १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली, १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला, आणि देवदेवतांच्या रंगीत तसबिरी सामान्य माणसाच्या घरात शिरल्या. जिवतीनेही कागदाचे रूप घेतले. परंतु तसबिरीप्रमाणे चौकटीत कायमची न राहता ती दर श्रावणात नव्याने येत राहिली.

आणखी एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही. जरासंध हा पुढे श्रीकृष्णाचा हाडवैरी झाला. त्याने मथुरेवर पुनःपुन्हा स्वाऱ्या केल्या आणि अखेरीस भीमाच्या हातून तो मारला गेला. असे असता, ज्या कागदावर बाळकृष्ण नाचतो आहे, त्याच कागदावर, त्याच्या जवळच, जरासंधाला जीवदान देणारी जरा बसली आहे! आमच्या पूर्वजांना या वैराची माहिती नव्हती असे कोण म्हणेल? परंतु जिवतीच्या कागदावर सगळी मुले मुलेच आहेत. मोठेपणी कोण कोणाचा शत्रू होणार, कोण राजा आणि कोण दरिद्री होणार, याचा हिशेब तेथे नाही. चव्हाट्यावर टाकलेल्या मुलाला उचलून घेणारी, एवढीच जरेची ओळख तेथे उरते. मांडीवरच्या मुलाकडे पाहणाऱ्या आईची दृष्टी अशीच असते.

अक्षतांचे अंतर

शुक्रवार उजाडतो. आघाडा, दूर्वा आणि फुले यांची माळ गुंफली जाते, कापसाचे वस्त्र होते. पुरण शिजते, आणि त्याचा वास शाळेतून परतणाऱ्या मुलाला कोपऱ्यावरच गाठतो. दूधसाखर, चणेफुटाणे यांचा नैवेद्य होतो, सवाष्णीस जेवू घालतात, हळदीकुंकू होते. पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळतात. ओवाळून झाल्यावर मुलाने तो दिवा खावयाचा असतो. वातीचा काळसर डाग आणि तुपाचा वास असलेल्या त्या पुरणाची चव पुढे कोणत्याही पक्वान्नाला आली नाही, असे सांगणारी साठी-सत्तरीची माणसे आम्हांला अनेक भेटली आहेत.

मग हातात अक्षता घेऊन सर्वांनी बसावयाचे आणि कहाणी ऐकावयाची. शुक्रवारच्या कहाणीइतकी करुण कहाणी श्रावणात दुसरी नाही. आटपाट नगरातला राजा निपुत्रिक असतो. राणी सुइणीशी संगनमत करून एका गरीब ब्राह्मणीचे नवजात मूल पळविते आणि तिच्यापुढे वरवंटा ठेवून ‘हेच तुझ्या पोटी आले’ असे सांगितले जाते. त्या माउलीचा विश्वास बसत नाही. ती दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि माझे बाळ जेथे असेल तेथे सुखी असो, अशी प्रार्थना करून अक्षता उधळते. त्या अक्षता राजवाड्यात वाढणाऱ्या तिच्या मुलाच्या मस्तकावर जाऊन पडतात. तिने काही नेम धरलेले असतात : हिरवे लुगडे नेसावयाचे नाही, हिरव्या बांगड्या भरावयाच्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जावयाचे नाही, तांदळाचे धुवण ओलांडावयाचे नाही. मूल मोठे होते, राजा होते. एका घरी रात्री मुक्काम पडला असता, पाचवीच्या रात्री येणाऱ्या सटवीला जिवती त्याच्याजवळ फिरकू देत नाही. शेवटी राजाच्या घरच्या भोजनास ती ब्राह्मणी येते, पंगतीत त्याला पाहताच तिला पान्हा फुटतो आणि दुधाची धार नेमकी त्याच्या मुखात जाते. आई आणि मूल यांची ओळख पटते.

ही कहाणी ऐकताना मुले हळूच आईला खेटून बसतात. आपल्यालाही कोणी पळवून नेले तर? या शंकेने त्यांची छाती धडधडते. आणि त्याच वेळी, नेले तरी आईच्या अक्षता आपल्याला शोधून काढतील, या विश्वासाने ती शांतही होतात. कहाणी सुफळ संपूर्ण होते, मुठीतल्या अक्षता चित्रावर वाहिल्या जातात, आणि मूल फुटाण्यांकडे वळते. परंतु त्या अर्ध्या घटकेत त्याने जे साठविलेले असते ते कधी नाहीसे होत नाही.

या कहाणीमागे किती आयांचे अश्रू आहेत, याचा विचार केला म्हणजे मन गंभीर होते. एके काळी पाच बाळंतपणांतून दोन मुले हाती लागली तरी नशीब म्हणावे, अशी अनेक घरांची स्थिती होती. पाचवी-सहावीची रात्र धास्तीत जात असे. देवीच्या साथीत गावेच्या गावे ओस पडत. त्या घरांतील भिंतीवरची जिवती ही शोभेची वस्तू नव्हती. ती आईची अखेरची विनवणी होती. देवीचा रोग आता राहिला नाही. भारतातील त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. घरोघर फिरून लस टोचणाऱ्या कार्यकर्त्यांनीही जिवतीचेच काम केले, असे आम्ही म्हणतो, आणि त्यात श्रद्धेला काही उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही. बाळाला वेळेवर लस देणारी आणि शुक्रवारी त्याला ओवाळणारी आई एकच असते.

दाराआडच्या दोन बाहुल्या

मुलांचे मरणभय पुष्कळ ओसरले. पण मुले दुरावण्याचे दुःख संपले नाही. पूर्वी मूल शिक्षणासाठी पुण्याला किंवा नोकरीसाठी मुंबईला जाई. आता ते सातासमुद्रांपलीकडे जाते. घरात म्हातारा-म्हातारी उरतात. श्रावणातला शुक्रवार येतो आणि ओवाळावयास समोर कोणीच नसते. अशा वेळी काय करावे, हे परंपरेने आधीच सांगून ठेवले आहे. मूल परगावी असेल तर आईने चारी दिशांना अक्षता टाकाव्या. पाटावर कोणी नसले तरी ओवाळणे चुकवू नये. आज कित्येक घरांतून आई एका हाती निरांजन घेऊन दूरध्वनीच्या पडद्यावरील लेकाला किंवा लेकीला ओवाळते. तिकडे पहाट असते, इकडे संध्याकाळ. पण कहाणीतल्या ब्राह्मणीला आपले मूल दिसतसुद्धा नव्हते, हे आठवले म्हणजे आजच्या आईचे भाग्य थोर वाटते.

चौथ्या चौकटीतील बुध-बृहस्पतींच्या कहाणीतही दूर गेलेल्यांसाठी एक तोड सांगितली आहे. त्या कहाणीत मामा-भाचे रोज राजाच्या दारी भिक्षेस येतात. ‘आमचे हात रिकामे नाहीत’, असे सांगून सुना त्यांना विन्मुख पाठवितात. पुढे सगळे वैभव जाते आणि हात खरोखरीच रिकामे होतात. धाकटी सून मात्र क्षमा मागते आणि उपाय विचारते. तेव्हा तिला सांगण्यात येते की गावाला गेलेले माणूस परत यावे असे वाटत असेल तर दाराच्या पाठीमागे दोन बाहुल्या काढाव्या. संपत्ती हवी असेल तर पेटीवर काढाव्या, धान्य हवे असेल तर कोठीवर काढाव्या. आणि श्रावणात त्यांची मनोभावे पूजा करावी.

दाराच्या पाठीमागे दोन बाहुल्या! एखाद्या बालिकेने खडूने काढाव्या तशा. त्या बाहुल्यांमुळे गेलेले माणूस परत येते कसे? आम्हांस याचा अर्थ असा वाटतो की दूर गेलेल्याला रस्ता माहीत असून भागत नाही. आपली कोणी वाट पाहत आहे हेही त्याला ठाऊक असावे लागते. दाराआडची बाहुली ही वाट पाहण्याची खूण आहे. बालपणीची चित्रेही अशीच खूण असतात. परदेशी असलेला मुलगा एखाद्या पावसाळी संध्याकाळी खिडकीशी उभा राहतो आणि काही कारण नसता त्याला आघाड्याच्या पानांचा वास आठवतो, तुपाची काळी वात आठवते, रेषेबाहेर गेलेला तांबडा रंग आठवतो. त्याला वाटते की आपल्याला घराची आठवण झाली. खरे पाहता घरानेच त्याची आठवण काढलेली असते; आईच्या अक्षता त्याच्यापर्यंत पोचलेल्या असतात.

कागद उरला, कथा उरेल काय?

आता थोडे काळजीचे. जिवतीचा कागद आजही मिळतो. पूर्वीपेक्षा सुबक, चकचकीत मिळतो. पुष्कळ घरांतून तो लावलाही जातो. परंतु त्याच्यापुढे बसून कहाणी सांगण्यास सवड नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. आई-वडील दोघेही नोकरीस जातात, शुक्रवार हा कामाचा दिवस असतो, मुलांना शिकवणी असते. सकाळी घाईघाईने हळदीकुंकू वाहून झाले की महिनाभर कागद भिंतीवर मुका राहतो. मुलाची नजर त्याच्यावरून जाते, थांबत नाही.

चित्र दिसते, पण ते उघडण्यास कोणीतरी लागते. चार चौकटींची ही पोथी आईच्या, आजीच्या, आजोबांच्या आवाजाने वाचली जाते; तो आवाज गेला की उरतो तो केवळ रंगीत कागद. आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही : या पोथीची दुसरी आवृत्ती मोठेपणी काढता येत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी जे चित्र मनात उमटले ते उमटले. पुढे कितीही ग्रंथ वाचले तरी ती जागा भरून निघत नाही.

यास उपाय मोठा नाही. शुक्रवारी सायंकाळी घरी परतल्यावर दिवेलागणीच्या वेळी अर्धा तास काढावा. मुलाला कागदापुढे बसवावे, त्याच्या मुठीत अक्षता द्याव्या आणि पुस्तक हाती न घेता कहाणी सांगावी. एखादा तपशील चुकला तरी बिघडत नाही. आजीने भागवतात नसलेला चेंडू घातलाच की नाही? मुलाने प्रश्न विचारले तर ते ऐकावे. मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारख्याच प्रेमाने ओवाळावे. जिवतीच्या भोवती जी बाळे खेळतात त्यांत तिने भेद केलेला नाही. वडिलांनीही जवळ बसावे. मुलाच्या मनातल्या त्या चित्रात पुढे वडीलही दिसतील. शेजारी एखादे मूल असेल आणि त्याच्या घरी कोणी सांगणारे नसेल, तर त्यालाही हाक मारावी. चव्हाट्यावरचे परके मूल उचलून घेतले म्हणूनच जरा देवी झाली, हे स्मरणात असू द्यावे.

श्रावण संपतो तो पिठोरी अमावास्येला. त्या दिवशी पुन्हा एकदा आईचे व्रत असते. खीरपुरीचे वाण डोक्यावरून मागे नेत, मागे न पाहता, आई विचारते, ‘अतीत कोण?’ मागे उभे असलेले मूल आपले नाव घेऊन सांगते, ‘मी आहे.’ आणि ते वाण आपल्या हाती घेते. महिनाभर भिंतीवर असलेला जिवतीचा कागद मग उतरविला जातो, त्याचे विसर्जन होते. पुढच्या आषाढी अमावास्येला नवा कागद येतो. चित्रे तीच, चार चौकटी त्याच. मूल मात्र तेच राहिलेले नसते. ते वर्षाने मोठे झालेले असते, आणि नृसिंहाला भिण्याचे त्याचे दिवस कदाचित संपलेले असतात.

म्हणूनच हे चार-पाच शुक्रवार मोलाचे आहेत. आईने ‘अतीत कोण?’ म्हणून विचारावे आणि जवळून किंवा दूरदेशाहून ‘मी आहे’ असे उत्तर यावे, यापरते घराचे भाग्य दुसरे नाही. जिवतीमाता आमच्या सर्व वाचकांच्या घरातील लेकराबाळांना उदंड आयुष्य देवो, त्यांना सुबुद्धी देवो, आणि जेथे कोठे ती असतील तेथे त्यांच्या मस्तकी आईच्या अक्षता पडोत, हीच या मंगल मासात प्रार्थना.